चाकू घेतला खरा, पण...

पार्सल येतं त्या दिवशी कुणालाच शंका येत नाही. खोका उघडायचा, पातं बाहेर काढायचं, मिटायचं, पुन्हा काढायचं. ग्रुपवर फोटो टाकायचा. चार जण 'भारी' म्हणतात, एखादा 'कुणाचा गेम करायचाय?' असं विचारतो आणि दिवस मजेत जातो. दुसरा दिवसही बरा असतो. तिसऱ्या दिवशी मात्र कुठला तरी व्हिडिओ समोर येतो. त्यात आपल्याच चाकूच्या किमतीत दुसरा चाकू असतो. त्याचं पोलाद म्हणे सरस, लॉक म्हणे भक्कम आणि वर पाऊच फुकट. तिथून पुढे झोप उडते.

हाच का घेतला? मोठा घ्यायला हवा होता का? की लहान? असे प्रश्न बूट, फोन, हेडफोन घेतल्यावरही पडतात. पण हेडफोन घेतले की आई नुसतं 'कशाला?' म्हणते आणि विसरते. चाकू घेतल्यावर ती जेव्हा 'कशाला?' म्हणते, तेव्हा सूर वेगळा असतो. तोच प्रश्न हॉस्टेलचे रेक्टर विचारतात, मेट्रोच्या दारावरचा सुरक्षारक्षक विचारतो आणि एखाद्या रात्री नाकाबंदीतले हवालदारही विचारू शकतात. पावसाळा तोंडावर आहे, ट्रेकच्या याद्या फिरू लागल्यात, ऑफर्सही आल्यात. म्हणून आज या पानावरचं संपादकीय एका घडीच्या चाकूवर खर्ची घालतोय.

गेल्या काही वर्षांत सह्याद्रीत फिरणाऱ्या पोरापोरींच्या सॅकमध्ये हेडटॉर्चशेजारी चाकू आला आहे. कुणाकडे लाल रंगाचा स्विस, कुणाकडे लाकडी मुठीचा फ्रेंच, बाकीच्यांकडे चिनी बनावटीचा काळाकुट्ट, एका बोटाने खटकन उघडणारा. 'एव्हरीडे कॅरी' नावाचं एक अख्खं जगच मोबाइलवर उभं आहे. रोज खिशात बाळगायच्या वस्तू टेबलावर नीट मांडायच्या आणि वरून फोटो काढायचा. घड्याळ, पाकीट, टॉर्च, पेन आणि मधोमध चाकू. गंमत अशी की यातल्या निम्म्याअधिक चाकूंना मिळणारं एकमेव काम म्हणजे पुढचं पार्सल उघडणं!

आधी पोलादाची शंका निकालात काढू, कारण सर्वांत जास्त झोप तीच उडवते. 'डी-टू घ्यायला हवं होतं', 'हे तर स्वस्तातलं स्टेनलेस' अशी वाक्यं आता कँटीनमध्येही ऐकू येतात. पोलादाचा व्यवहार मुळात सोपा आहे. जितकं कडक तितकी धार जास्त टिकते, पण ती गेली की परत लावणं जिकिरीचं होतं आणि पात्याचा कपचा उडायची भीतीही वाढते. मऊ पोलाद लवकर बोथट होतं, पण निसण्यावर चार हात फिरवले की पुन्हा तयार. आपल्याकडच्या घिसाड्यांना हे कुठल्याही चार्टशिवाय ठाऊक असतं. भट्टीतल्या लोखंडाचा रंग बघून ते विळ्याला पाणी देतात. पाणी जास्त बसलं तर पातं दगडावर लागून तुटणार, कमी बसलं तर दुपारपर्यंत त्याची धार वळणार. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने १८९१ मध्ये तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. त्याच घराण्याच्या कंपनीचे लाल चाकू आज जगभर खपतात आणि त्यांचं पातं रॉकवेलच्या मापात साधारण ५६ भरतं. व्हिडिओवाल्यांच्या लेखी हे 'सॉफ्ट' पोलाद. राजगडावर काकडी चिरताना, भेळेचा कांदा कापताना, तंबूची दोरी तोडताना किंवा टाचेच्या फोडावर लावायची पट्टी कापताना ५६ आणि ६० मधला फरक ज्याला कळेल, त्याने खुशाल पश्चात्ताप करावा. बाकीच्यांनी तो व्हिडिओ बंद करावा.

लॉकची शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. घडीच्या चाकूत बोटं कापतात ती बहुधा पातं अवेळी मिटल्यामुळे. नेहमीच्या लाल स्विस चाकूच्या छोट्या मॉडेलला लॉक नसतंच. पाठीमागच्या कमानीच्या दाबावर पातं उघडं राहतं, त्यामुळे ते टोकाने खुपसायला किंवा खरवडायला वापरलं तर सरळ बोटांवर मिटतं. आतल्या पत्रीच्या लॉकमध्ये, म्हणजे ज्याला लायनर लॉक म्हणतात त्यात, मिटताना अंगठा पात्याच्याच वाटेत येतो. नवा चाकू हातात आला की पातं पूर्ण उघडा, बोटं त्याच्या वाटेतून पूर्णपणे बाजूला घ्या आणि पात्याची पाठ एखाद्या जाड पुस्तकावर टेकवून हळूहळू दाब द्या. लॉक सुटलं, तर मनाची समजूत घालत बसू नका. परत पाठवा. ही शंका खरी आणि तिचं उत्तर एका मिनिटात मिळतं.

राहिली ती नुसती हुरहूर. तिला खतपाणी घालणारी एक गोष्ट आपण सोय म्हणून घेतो, ती म्हणजे सात किंवा दहा दिवसांत परत करायची मुभा. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये हार्वर्डमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. फोटोग्राफी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन फोटोंपैकी एकच ठेवायला सांगितला. काहींना सांगितलं, निवडलात तो कायमचा. काहींना सांगितलं, विचार बदलला तर काही दिवसांत बदलून देऊ. नंतर विचारलं तेव्हा ज्यांना बदलायची सोय नव्हती त्यांना आपला फोटो जास्त आवडला होता. बदलायची सोय असलेले आपल्या निवडीवर तितके खूश नव्हते. आणि मुख्य गंमत पुढेच आहे: निवडायला सांगितलं तर बहुतेकांना बदलायची सोय असलेलाच पर्याय हवा होता!

आपल्या खरेदीचं नेमकं हेच होतं. परतीची तारीख जवळ येईपर्यंत चाकू धड आपला नसतो आणि धड दुकानाचाही नसतो. पात्यावर ओरखडा नको म्हणून तो वापरायचा नाही. वापरला नाही म्हणून तो कसा आहे ते कळत नाही. कळत नाही म्हणून पुन्हा व्हिडिओ. अडकित्त्यातली सुपारी तरी एकदाची फुटते, इथे तेही नाही. आमचं सांगणं एवढंच की लॉक आणि पात्याचा हलेपणा पहिल्या दिवशीच तपासून टाका आणि त्याच दिवशी ठरवा. ठेवायचा ठरला तर संध्याकाळी त्याने कांदा चिरा. कांदा चिरलेली वस्तू परत करता येत नाही, आणि हाच त्यातला फायदा.

पावसाळ्याच्या तोंडावर एका चाकूबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण लाकडी मुठीचा तो फ्रेंच चाकू सध्या बऱ्याच जणांच्या यादीत आहे. आल्प्सच्या कुशीतल्या सावोय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो बनवायला घेतला. शेतकऱ्यांचा, मेंढपाळांचा, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा चाकू. १८९७ पासून त्याची मापं क्रमांकाने ओळखली जातात. सर्वांत खपणारा 'नंबर आठ', पातं साडेआठ सेंटिमीटरचं. मुठीच्या तोंडाशी फिरणारं लॉकचं कडं १९५५ मध्ये आलं. एवढ्या जुन्या चाकूविषयी जुलैत हमखास तक्रार येते: 'अरे, उघडतच नाहीये, डिफेक्टिव्ह पीस आला!' मूठ बीच नावाच्या लाकडाची असते. कोरड्या हवेत ती शहाण्यासारखी वागते. आपल्याकडे ताम्हिणीत दोन दिवस भिजली की फुगते आणि पात्याला आवळून धरते. जुन्या घराचं दार पावसात चिकटतं, तसंच. सावोयमधले लोक मुठीचं बूड एखाद्या कठीण वस्तूवर हलकं आपटतात, की पातं जरा वर येतं आणि नखात धरून काढता येतं. घरी आल्यावर मूठ सावलीत वाळवायची आणि खाचेत तेलाचा एखादा थेंब सोडायचा. कार्बन स्टीलचं पातं घेतलं असेल तर लिंबू किंवा कैरी कापल्यावर ते निळं-काळं पडतं. तो गंज नसतो, उलट त्या थराने थोडं संरक्षणच होतं. तांबडं दिसलं की तो गंज. कोकणातल्या हवेत त्याला एक रात्र पुरते. ही सगळी देखभाल नको असेल तर त्याच चाकूचं स्टेनलेस पातंही मिळतं.

हे झालं ज्यांच्या चाकूला काहीतरी खोट आहे असं वाटतं त्यांच्यासाठी. पण तिसऱ्या दिवशीची खरी अडचण बहुतेकांच्या बाबतीत चाकूत नसतेच. चाकू उत्तम असतो, लॉक पक्कं असतं आणि त्याला द्यायला आपल्याकडे काम नसतं.

खिशातल्या चाकूला काम असतं तेव्हा तो कसा दिसतो, ते पाहायचं असेल तर पावसाच्या सुरुवातीला कोकणातल्या एखाद्या आंब्याच्या रोपवाटिकेत जाऊन बघा. तिथे कोय कलमं बांधायचं काम चालू असतं. पेरलेल्या कोयीतून नुकतं वर आलेलं, अजून तांबूस पानं असलेलं कोवळं रोप उचलायचं, त्याचा शेंडा एका सरळ कापात उडवायचा, उरलेल्या खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. हापूसच्या झाडावरची तेवढ्याच जाडीची काडी घ्यायची, तिचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. हे सगळं बघताना बघणाऱ्याची पापणी लवेपर्यंत होतं. काप गुळगुळीत हवा. साल आणि लाकूड यांच्यामधला हिरवट थर दोन्हीकडचा एकमेकांना चिकटला तरच कलम धरतं. धार जराशी गेली की काप चुरगळतो आणि काडी सुकते. म्हणून कलम बांधणारा माणूस दर थोड्या वेळाने पातं दगडावर फिरवतो, लुंगीला पुसतो आणि पुढचं रोप उचलतो. त्याच्या चाकूचं पातं वर्षानुवर्षं घासून अरुंद झालेलं असतं. पोलाद कोणतं, हे त्याला विचारून बघा. तो तुमच्याकडे जरा वेळ बघेल आणि धार मात्र अंगठ्याच्या नखावर लावून दाखवेल. कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या वाचकांना हे नवीन नाही. कलमाच्या प्रॅक्टिकलला त्यांच्या हातात असाच घडीचा चाकू असतो आणि सुरुवातीला त्यांचीही निम्मी कलमं मरतात.

आपल्या भाषेत पात्याच्या वस्तूंची नावं कामावरून पडली आहेत. विळी भाजीची, अडकित्ता सुपारीचा, वस्तरा हजामतीचा, रापी चांभाराची, खुरपं निंदणीचं. ज्याचं काम नाही त्याला नावही नाही. आणि रिकाम्या पात्याबद्दल घरातल्या बायका पहिल्यापासून सावध आहेत. लहानपणी रिकामी कात्री वाजवली म्हणून कुणाची पाठ शेकली नाही? 'भांडणं लागतात', असं कारण दिलं जायचं. भांडणं लागत असतील-नसतील, पण हातात पातं घेऊन काहीही न कापता बसलेला माणूस घरात नको असतो, हे त्यामागचं सरळ शहाणपण दिसतं. लेक्चर चालू असताना बाकाखाली चाकू उघड-मीट करणाऱ्याला आजी बघतील तर काय म्हणतील, ते वेगळं सांगायला नको.

या उघडमिटीच्या आवाजाची ओढ मात्र जुनी आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू हिंदी सिनेमाने घराघरांत पोचवला तो त्याच्या आवाजासकट. गरारी असलेलं पातं उघडताना होणारी ती करकर ऐकली की थिएटरमधले पुढच्या रांगेतले प्रेक्षक सरसावून बसत. रामपूरच्या कारागिरांचा धंदा पुढे पात्याच्या लांबीवर मर्यादा आल्यावर बसला, आणि आता त्या शहराने आपली ओळख म्हणून चौकात वीस फुटी चाकू उभारला आहे. आजच्या चाकूंच्या व्हिडिओंमध्ये माइक जवळ धरून ऐकवला जातो तो 'खट्' त्याच करकरीचा शहरी नातू. त्यात मजा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती मजा खिशात घेऊन रस्त्यावर आलं की तिचा अर्थ बघणारा लावतो, आपण नाही.

'कोयता' हा शब्दच घ्या. बीडकडून साखर कारखान्यांच्या फडावर जाणाऱ्या ऊसतोड नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. एक कोयता म्हणजे दोन माणसं, सहा महिन्यांचं स्थलांतर आणि एका संसाराचं वर्षभराचं गणित. तोच शब्द पुण्याच्या बातम्यांमध्ये गेली काही वर्षं टोळक्यांच्या दहशतीला चिकटला आहे. लोखंड तेच आणि आकडीही तीच. फडावर त्याने ऊस तुटतो, पुण्यात तो गाड्या फोडताना आणि रीलमध्ये मिरवताना दिसतो. तलवारीने किंवा कोयत्याने केक कापल्याबद्दल गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आमच्याच पानांवर किती छापल्या असतील, त्याची गणती नाही.

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण याबाबत कॉलेजच्या कट्ट्यावर जे बोललं जातं ते अर्धवट असतं. 'नऊ इंचांपर्यंत लीगल आहे रे' हे त्यातलं लाडकं वाक्य. शस्त्रास्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या, आणि घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी न बनवलेल्या चाकूंचा उल्लेख येतो, हे खरं. तुमचा तीन इंची चाकू त्यात बसत नाही, हेही खरं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ वेगळं आहे. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक मुदतीसाठी मनाई आदेश काढतात आणि त्यात तलवारी, भाल्यांबरोबर चाकू, काठ्या, लाठ्याही येतात. असे आदेश एरवी पंधरा-पंधरा दिवसांचे असतात. सण, निवडणूक, मोर्चा, काहीही निमित्त असतं. आतल्या पानात कोपऱ्यात छोटी चौकट छापून येते आणि ती कुणी वाचत नाही. त्या काळात इंचांचा हिशेब सांगून उपयोग नसतो. मनालीला किंवा उत्तराखंडात ट्रेकला जाताना दिल्लीत उतरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथे १९८० च्या अधिसूचनेनुसार बटणदार, गरारीदार आणि तशाच यंत्रणेने उघड-मीट होणाऱ्या चाकूंसाठी मोजमाप फार कमी आहे, पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद. म्हणजे तीनच इंच. विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इन बॅगेतच. केबिन बॅगेत निघाला तर तुमच्यासमोर तो पेटीत जातो. मेट्रोच्या स्कॅनरशी हुज्जत घालण्यात तर काहीच हशील नाही.

पण कायद्याच्या अक्षराइतकीच महत्त्वाची आहे ती कायदा वापरणाऱ्याची नजर. साडेअकराला नाकाबंदीत दोन मुलं थांबवली जातात, असं समजा. दोघांच्याही खिशात तोच चाकू, त्याच सेलमध्ये घेतलेला. एकाच्या पाठीवर ट्रेकिंगची सॅक, कॉलेजचं ओळखपत्र, तोंडात सराईत इंग्रजी. दुसरा वस्तीतला, रात्रीची डिलिव्हरी करणारा, केस रंगवलेला. पहिल्याला बहुतेक वेळा 'घरी ठेवत जा' एवढ्यावर सोडतात. दुसऱ्याला स्टेशनला नेलं जाण्याची शक्यता किती जास्त आहे, हे रात्री शहरात फिरणाऱ्या कुणालाही विचारा. हे योग्य आहे असं आम्ही म्हणत नाही. उलट ते पूर्ण अन्यायाचं आहे आणि पोलिसांनी खिशातल्या वस्तूइतकंच तिच्या कारणाकडे, म्हणजे हा चाकू याच्याकडे का आहे याकडे, सर्वांच्या बाबतीत सारखंच बघायला हवं. पण तोवर ज्या मुलाच्या बाजूने कुणी बोलणार नाही, त्याला 'काही होत नाही रे, मी पण ठेवतो' असं सांगणं हा पहिल्या मुलाचा बेजबाबदारपणा आहे. मित्रांच्या ग्रुपमध्ये लिंक फिरवताना एवढा विचार व्हावा.

आता शेवटचं आणि सर्वांत गंभीर कारण. अनेक मुली, आणि त्यांच्यासाठी आई-वडीलही, चाकू घेतात ते स्वसंरक्षणासाठी. हे नवीन नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत महिलांना छोटे चाकू वाटले होते. त्यामागची भीती खरी होती आणि आजही खरी आहे. तिला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण उपाय म्हणून घडीचा चाकू फार कमकुवत आहे. पर्समध्ये हात घाला, चाकू शोधा, अनेकदा दोन्ही हातांनी पातं काढा, लॉक लागलं का बघा. समोरचा माणूस एवढा वेळ थांबत नाही. तो अंगावर आलेला असताना हातातली वस्तू हिसकावली जाण्याचा धोका असतो, आणि मग पातं त्याच्याकडे असतं. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण बचावासाठी लागेल तेवढीच ताकद वापरायची अट घालून. ती अट पात्याने पाळणं अवघड. ज्या मुलीला रात्रीच्या परतीच्या रस्त्याची भीती वाटते तिला मोबाइलवर ११२ पटकन लावता यायला हवा, बसथांब्यावर दिवा हवा आणि साडेदहानंतर बस हवी. यातलं पहिलं तिच्या हातात आहे. बाकी दोन महापालिकेच्या आणि परिवहनच्या हातात आहेत, आणि दोन हजारांचा चाकू घेऊन दिला की ती मागणी आपोआप मागे पडते. म्हणून या कारणासाठी घेतलेल्या चाकूबद्दल तिसऱ्या दिवशी शंका आली असेल, तर ती दाबू नका.

ट्रेकसाठी घेतला असेल तर प्रश्न सोपा आहे, फक्त हिशेब चुकलेला असतो. दहा जणांच्या ग्रुपला एक चाकू पुरतो, आणि प्रथमोपचाराच्या पेटीत एक बोथट टोकाची कात्री. दहा जणांकडे दहा चाकू असले की नऊ जण त्यासाठी काम शोधत फिरतात, आणि ते काम बहुधा झाडाच्या सालीवर किंवा किल्ल्याच्या भिंतीवर सापडतं. संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बदामात स्वतःचं आणि तिचं नाव कोरणाऱ्याने पुरावाही स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेला असतो! 'बुशक्राफ्ट' बघून घडीच्या चाकूवर दगड मारून लाकूड फोडणाऱ्यांचा तर खिळाच मोडतो, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात लाकूड तोडायचीच मुळात बंदी आहे.

तेव्हा तिसऱ्या दिवशी चाकू समोर ठेवून बसला असाल, तर गेल्या महिन्यात तो असता तर कुठे लागला असता, तेवढं आठवून बघा. चार-पाच ठिकाणं खरंच आठवली तर तो ठेवा, घरी स्वयंपाकघराच्या खणात टाका आणि ट्रेकच्या दिवशी सॅकच्या तळाशी, खिशात नाही. आठ दिवस आईला वापरू द्या. कोथिंबिरीची देठं आणि दुधाच्या पिशव्या कापून झाल्यावर ती जे सांगेल तेवढा परखड रिव्ह्यू कुठे मिळणार नाही. गल्लीत सायकलवर धार लावणारा अजून येत असेल तर त्यालाही एकदा दाखवा. सायकल स्टँडवर चढवून, पायडल मारत, ठिणग्या उडवत तो जी धार लावतो ती जरा राकट असते, नाजूक पात्याला तापवूही शकते. पण पातं हातात घेताच तो ते कसं आहे हे सांगतो, ते ऐकण्यासारखं असतं.

आणि काहीच आठवलं नाही, तर दुसरं पाऊच, तिसरा निसणा आणि चौथी टॉर्च मागवून त्या चाकूभोवती संसार थाटू नका. तुमच्या माहितीत कुणीतरी असेलच: रोपवाटिकेत काम करणारा मामेभाऊ, कृषीला ॲडमिशन घेतलेली वर्गमैत्रीण, कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाची सामानाची पेटी. त्यांना देऊन टाका. देताना हातात देऊ नका, मिटून टेबलावर ठेवा आणि त्यांना उचलू द्या. हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं म्हणतात.